जेवून गेलेला पावणा

माझ्या भावानं देशाची गुपितं परक्या सरकारला दिली की नाही, हा प्रश्न मला अजूनही विचारला जातो. लग्नाच्या पंगतीत कुणीतरी वाटीतली आमटी भुरकता भुरकता हळूच म्हणतं, "राग मानू नका, पण तुमच्या आण्णांचं नेमकं काय झालंतं?" राग मानू नका म्हणणाऱ्याचाच मला आधी राग येतो. पूर्वी मी भांडायचे. आता भांडले की धाप लागते, म्हणून एकदाच काय ते सांगून टाकते. मला माहीत आहे तेवढं सगळं सांगते. जे माहीत नाही ते इथं कुणालाच माहीत नाही, कारण ज्याला माहीत होतं तो माणूस आमच्या पाटावर बसून, पोटभर जेवून, हात पुसून निघून गेला.

आमचं घर कोल्हापुरात, जुन्या पेठेतल्या एका तालमीच्या मागच्या गल्लीत. मूळचे आम्ही मुरगूडकडचे शेतकरी. आप्पा, म्हणजे माझे वडील, शिकून शाळेत ड्रिल मास्तर झाले आणि शहरात आले. आईला आम्ही आक्का म्हणायचो, आणि माझ्याहून बराच मोठा असलेला भाऊ तो आण्णा. घरात एवढीच माणसं. आप्पांनी मैदानावर 'सावधान' म्हटलं की रस्त्यावरचा टांगेवालासुद्धा ताठ बसायचा. घरातही आवाज तोच. जेवताना मीठ मागितलं तरी गल्लीला कळायचं. आणि खोटं बोललेलं त्यांना अजिबात खपायचं नाही. आण्णानं एकदा वर्गाची काच फोडून दुसऱ्याच पोराचं नाव सांगितलं, तर स्वतःच्या पोराला सगळ्या शाळेसमोर उभं करून त्यांनी छड्या दिल्या. गल्लीत भांडण पेटलं की लोक आप्पांना बोलवायचे. "मास्तर काय म्हणत्यात?" एवढंच विचारायचे. मास्तर म्हणतील ते खरं, विषय संपला. मला त्याचा केवढा तोरा होता म्हणून सांगू! शाळेत मी मास्तरांची पोरगी म्हणून मान ताठ करून फिरायचे.

दुसरी गोष्ट पावण्यांची. ही मुरगूडच्या घरातली रीत आप्पांनी शहरात जशीच्या तशी आणली होती. दारात आलेल्या माणसाला, तो जेवून हात धुवेपर्यंत, नाव, गाव, काम, काही म्हणजे काही विचारायचं नाही. आधी पाय धुवायला पाणी, मग जेवण, मग सुपारी. सुपारी तोंडात गेली की आप्पा मांडी बदलून म्हणायचे, "हं, बोला पावणं, काय काम काढलंत?" त्याआधी विचारणं म्हणजे 'कशाला तडमडलास' असं विचारण्यासारखंच, असं त्यांचं म्हणणं. एकदा एक गृहस्थ व्यवस्थित जेवले, सुपारी खाल्ली, आणि मग कळलं की त्यांना शेजारच्या घरी जायचं होतं. आप्पा आठवडाभर ते सगळ्यांना सांगून हसत होते. आक्का मात्र हसली नाही. तिला दोनदा भाकरी थापाव्या लागल्या होत्या.

आण्णा मॅट्रिकनंतर एका फोटो स्टुडिओत कामाला लागला. अंधाऱ्या खोलीत तांबड्या दिव्याखाली फोटो धुवायचा. घरी आला की बोटांना औषधाचा वास. हात चांगला बसला होता त्याचा. पुढं दिल्लीला सरकारी खात्यात फोटोग्राफरची जागा निघाली आणि तो गेला. कसलं खातं ते कधी बोलला नाही. "कागदांचं फोटो काढतो," म्हणायचा. आक्का गल्लीत सांगायची, "सरकारचं फोटो काढतो माझा ल्योक." त्यामुळं गल्लीची समजूत अशी की मंत्र्यांचे फोटो आमचा आण्णाच काढतो. वर्तमानपत्रात कुठल्याही मंत्र्याचा फोटो आला की लोक आप्पांना दाखवायचे, आणि आप्पाही खुशाल मान डोलवायचे. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धातली ही गोष्ट.

एका दुपारी आण्णा न कळवता आला. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले. जेवला, झोपला, आणि उठल्यावर दार लावून आम्हा तिघांना समोर बसवलं. त्याच्या खात्यात आपल्याच लोकांवर पाळत ठेवली जात होती. कुणाची पत्रं फोडतात, कुणाचे फोन चोरून ऐकतात, ते सगळं कागदांवर होतं आणि त्या कागदांचे फोटो हा काढत होता. एक दिवस त्याला ते सोसेना. एका पत्रकाराला देण्यासाठी त्यानं चोरून फोटो घेतले. एक रीळ धुतलं, पत्रकाराला दिलं. पण घाईत त्यानं कपाटात हाताला लागेल ते सगळंच टिपलं होतं, आणि त्यात सैन्याचे कागद होते. ते बाहेर जाणं बरं नव्हे, हे त्याला नंतर उमगलं. ती रिळं त्यानं धुतलीच नाहीत.

एवढं सांगून त्यानं पिशवीतून तुपाचा एक लहान डबा काढला. झाकणाला सगळीकडून काळी पट्टी चिकटवलेली.

"आक्का, ह्यो डबा उघडायचा न्हाय. उजेड लागला की रिळं काळी पडत्यात."

"मग जाळून टाक की मर्दा!" आप्पा म्हणाले.

"जाळली तर म्हणतील इकली. आप्पा, न धुतलेलं रीळ म्हंजे आजवर कुणीबी बघितलेलं न्हाय. मी बी न्हाय. उद्या ही बातमी छापून आली की माझ्यावर किटाळ येणार. दुसऱ्या देशाला दिलं म्हणणार. तवा मी ह्यो डबा जजाच्या म्होरं ठेवीन. हेच्याबिगर माझ्याजवळ दुसरा पुरावा न्हाय."

"आजच दे की सरकारला."

"कुणाच्या हातात देऊ? ज्यांची चोरी पकडली त्यांच्याच? डबा बी गिळतील आन मला बी."

तो म्हणाला, पत्रकाराच्या ओळखीनं मी देशाबाहेर जातोय, कुठं ते विचारू नका. वारं बदललं की परत येतो. मी स्वतः मागेन तेव्हाच डबा बाहेर काढायचा. आक्कानं डबा फडक्यात बांधला आणि जोंधळ्याच्या पिंपात, पार तळाशी, दाण्यांत खुपसून ठेवला. दुसऱ्या दिवशी आण्णा गेला. जाताना आप्पांच्या पाया पडला, तर आप्पा नुसते "हं" म्हणाले. पोरगा चोर की शहाणा, हे त्यांचं त्यांनाच ठरत नव्हतं.

बातमी छापून आली. पहिले चार दिवस लोकांना बरं वाटलं असावं. मग दुसऱ्याच बातम्या सुरू झाल्या. फरारी कर्मचारी, गायब रिळं, सैन्याची गुपितं शत्रूच्या हाती गेल्याचा संशय. आमची गल्ली काय, वर्तमानपत्राच्या चार पावलं पुढं! नकाशे विकले म्हणे. तिकडं बंगला दिलाय म्हणे. आमच्या भिंतीवर कुणीतरी कोळशानं लिहिलं, 'इथे देश विकत मिळेल.' आप्पांनी स्वतः पाणी घेऊन ते घासून काढलं, पण डाग राहिला. शाळेत कवायतीच्या वेळी त्यांनी 'सावधान' म्हटलं, तेव्हा मागच्या रांगेतून कुणीतरी बोललं, "आधी घरच्यास्नी सांगा." आप्पांनी ऐकलं आणि मान वळवली नाही. मला कागलचं एक स्थळ आलं होतं, पत्रिका जुळली होती, सुपारी फोडायची तेवढी बाकी होती. त्या लोकांनी निरोप धाडला की पत्रिका पुन्हा बघितली, जुळत नाही.

मला आण्णाची लाज वाटायची. डबा घरात आहे, त्यानं काही नेलेलं नाही, हे माहीत असून वाटायची. माणसाला खरं माहीत असलं म्हणजे लाज वाटत नाही असं नसतं. बाजारात मी पदर डोक्यावरून घेऊन जायला लागले, एवढी तरणी पोर असून.

दिल्लीची दोन माणसं इथल्या पोलिसांना घेऊन चौकशीला आली. ट्रंका उपसल्या, आण्णाचे जुने फोटो नेले. जाताना साहेबांनी आप्पांना विचारलं, "त्यानं इथं काही ठेवलंय?" आप्पा म्हणाले, "न्हाय." मी जन्मात पहिल्यांदा आप्पांना खोटं बोलताना ऐकलं. पोलिसांबरोबर आलेला हवालदार आप्पांचा जुना विद्यार्थी होता. तो साहेबांना म्हणाला, "मास्तर न्हाय म्हंजे न्हायच, साहेब." आणि ते गेले. आप्पा त्या दिवशी जेवले नाहीत. पण ते खोटं पोरासाठी होतं, आणि मला त्याचं वाईट वाटलं नाही.

त्यानंतर बऱ्याच महिन्यांनी, एका रविवारी, तो पावणा आला.

मी गिरणीत दळण आणायला गेले होते. परत आले तर दारालगतच्या सोप्यात एक परका माणूस बसलेला. इस्त्रीचा बुशशर्ट, बूट दाराशी एकाला एक लावून ठेवलेले. आप्पा त्याच्यासमोर बसून जोरजोरात बोलत होते. कितीतरी दिवसांनी आमच्याकडं कोणी आलं होतं. गल्ली टाळत होती, नातेवाईक टाळत होते, आणि हा माणूस आपण होऊन दारात येऊन "तुमच्या चिरंजिवांचा मित्र, दिल्लीहून आलो," म्हणाला होता. आप्पांचा बांधच फुटला. विचारायचं तर काही नव्हतंच, रीत आडवी! मग सांगतच सुटले. आण्णाचं लहानपण, त्याच्या खोड्या, त्याचं शिक्षण. "माझ्या पोरानं देश इकला न्हाय पावणं!" आप्पा मांडीवर थाप मारून ओरडले. "पुरावा हाय ह्या घरात!" आक्का स्वयंपाकघरातून खोकली. आप्पांनी आवाज खाली आणला, म्हणजे गल्लीऐवजी नुसता सोपा भरेल एवढा केला.

मटण शिजलं होतं. तांबडा, पांढरा, दोन्ही रस्से. पावणा जेवायला बसला. त्याचं मराठी शुद्ध होतं, अगदी पुस्तकातलं, पण कुठल्या गावचं ते कळेना. भाकरी दोन्ही हातांनी मोडली. तांबड्यानं कान लाल झाले, डोळ्यांत पाणी आलं, तरी हसत हसत जेवला. आप्पा खूष. "आक्काच्या हातचं खाऊन रडला न्हाय तो पावणा कसला!" जेवण झाल्यावर तो आक्काकडं बघून "धन्यवाद" म्हणाला. आता मला सांगा, आमच्यात जेवून उठल्यावर धन्यवाद कोण म्हणतं? मला चमत्कारिक वाटलं, पण शहरातला शिकलेला माणूस, म्हणत असेल.

सुपारी तोंडात गेली आणि आप्पांनी मांडी बदलली. "हं, बोला पावणं."

तो म्हणाला, आण्णा परदेशात अडचणीत आहे. तिथलं सरकार त्याला ठेवून घ्यायला तयार नाही. त्यानं काही आणलेलं नाही हे तिथल्या कोर्टात दाखवायचंय, म्हणून घरी ठेवलेली वस्तू माझ्याबरोबर द्या.

आप्पांनी स्वयंपाकघराकडं बघितलं. आक्का दारात आली. पदर खोचलेला, हाताला पीठ. ती आमच्या घरात सगळ्यांत सावध. म्हणाली, "माझा ल्योक म्हणालाता, मी मागीन तवाच द्यायचं. त्येनं तुम्हाला धाडलं तर खूण काय दिलीया?"

पावणा जरा हसला. "त्यांनी सांगितलंय, आईनं विचारलं तर म्हशीचं शेपूट म्हणून सांगा."

आण्णा लहान असताना रंकाळ्यात बुडता बुडता एका म्हशीचं शेपूट धरून बाहेर आला होता. आक्काच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. हे बाहेरच्या माणसाला कुठून माहीत असणार! ती आत गेली, पिंपात हात घातला आणि डबा आणून त्याच्या ओंजळीत ठेवला. वर चार भाकऱ्या आणि चटणी फडक्यात बांधून दिली, पोराला पोचवा म्हणून. आप्पा त्याला कोपऱ्यापर्यंत पोचवून आले. नाव विचारायचं राहूनच गेलं.

दुपार कलली. आक्का परसात राखेनं ताटं घासत होती आणि आप्पा पलंगावर पडून उगीचच पुन्हा पुन्हा म्हणत होते, "भला माणूस. भला माणूस."

आक्काचा हात थांबला. "अवो," ती म्हणाली, "म्हशीचं तुमी सांगितलंत का त्येला?"

"कवा?"

"तो आल्या आल्या. मी आत रस्सा ढवळत हुतो तवा."

आप्पा उठून बसले. आण्णाची आठवण निघाली की ती गोष्ट ते हमखास सांगायचे. शाळेत सांगायचे, तालमीत सांगायचे, पोस्टमनला सांगायचे. आपण सांगितलंय हेही त्यांना आठवत नसे, इतकी ती तोंडात बसली होती. त्यांचा चेहरा मी बघितला आणि मला उत्तर कळलं. पायांत चपला न घालता ते एसटी स्टँडवर गेले, तिथून रेल्वे स्टेशनवर गेले. परत आले तेव्हा पायाला चिखल होता. उंबऱ्यावर बसले. आक्कानं पाणी दिलं ते घेतलं नाही.

कोण होता तो? आपल्याच सरकारचा होता? शेजारच्या देशाचा होता? की आण्णा ज्या देशात होता त्यांचा? मी ह्यावर इतका विचार केलाय की आता विचार करायलाही काही उरलं नाही. कधी वाटतं, आपलाच असेल, डबा सरकारी कपाटात पडला असेल. कधी वाटतं, कुठल्यातरी परमुलखातल्या अंधाऱ्या खोलीत तांबडा दिवा लावून ती रिळं धुतली असतील, आणि आमच्या सैन्याचे कागद त्यांच्या टेबलावर आले असतील. कधी देवाला हात जोडते की त्या मुडद्यानं गाडीतच, लख्ख उन्हात, डबा उघडून बघितलेला असू दे. पण एक खरं. गुपितं परक्यांच्या हाती गेली असतील तर ती आण्णानं दिली नाहीत. आम्ही दिली. आग्रह करकरून जेवायला वाढलं आणि वर दिली. ह्याची लाज मी कशी सांगू? लोक निदान पैसे घेऊन देश विकतात.

आम्ही कुणाला बोललो नाही. बोलायचं कुणाला, आणि काय? आप्पांचा आवाज बसला. शाळेत कवायतीला शिट्टी वापरायला लागले.

मग आण्णाचा फोन आला. गल्लीत एकच फोन, कोपऱ्यावरच्या लाकडाच्या वखारीत. वखारवाले स्वतः धावत आले, "मास्तर, चला, परदेशातनं ट्रंककॉल हाय! पोराचा हाय!" आप्पा आणि मी पळत गेलो. आमच्या मागं निम्मी गल्ली. फोनचा आवाज असा की आण्णाचं बोलणं शेजारी उभं राहून मला ऐकू येत होतं, मधे मधे खरखर.

"आप्पा, मी परत येतोय. कटाळलो हितं. वकील म्हणतोय, आपणहून हजर व्हा, डबा म्होरं ठेवा, सुटाल. आक्काचा तुपाचा डबा हाय न्हवं?"

आप्पांनी रिसीव्हर या कानावरून त्या कानावर नेला.

"आप्पा? डबा हाय न्हवं जाग्यावर? तेवढं सांगा. डबा असला तरच येतो."

"मोठ्यानं बोला मास्तर," वखारवाले म्हणाले, "लांबनं बोलतोय तो!"

आप्पांनी वखारीत जमलेल्या माणसांकडं बघितलं. मग त्यांचा तो जुना आवाज एकदाच बाहेर आला. "हाय! जिथल्या तिथं हाय! ये तू!"

लोकांनी गलका केला. मास्तरांचा पोरगा परत येतोय! मी रिसीव्हर ओढून घेतला आणि ओरडले, "आण्णा, येऊ नको, आण्णा!" पण त्यात नुसता खरखराट होता. लाईन कटली होती.

घरी येऊन मी जे बोलले ते मुलीनं बापाला बोलू नये असं होतं. आप्पांनी सगळं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाले, "एवढ्या लोकांत कसं सांगू? एकदा येऊ दे घरात. म्होरं बसवून सांगतो त्येला. मग त्येनं मला जोड्यानं मारावं." त्यांना वाटत होतं पोरगा पिशवी घेऊन दारात येईल, पूर्वीसारखा. पत्ता आमच्याकडं नव्हता, फोन नंबर नव्हता. मी रोज वखारीत जाऊन बसायचे, पुन्हा फोन येईल म्हणून. आला नाही.

आण्णा उतरला तसा विमानतळावरच त्याला धरला. आम्हाला वर्तमानपत्रातनं कळलं. आणि एका सकाळी जीप गल्लीत शिरली.

मधे आण्णा, हातात बेड्या, कमरेला दोर. निम्मा झाला होता. पण हसत होता, खरंच सांगते, हसत होता. दिल्लीचे साहेब होते, इथले पोलीस होते. पंच म्हणून त्यांनी गल्लीतलीच दोन माणसं घेतली, त्यातले एक वखारवाले. दारात, खिडकीत, समोरच्या कठड्यावर माणसंच माणसं. आण्णानं आक्काकडं बघून मान हलवली, म्हणजे काळजी करू नको. मला काही बोलायला सुचायच्या आत तो आत गेलाही.

"साहेब, हितंच हाय," तो म्हणाला. त्याच्या एका हाताची बेडी सोडली. त्यानं बाही सरकवली आणि पिंपात हात घातला. कोपरापर्यंत घातला. मग खांद्यापर्यंत. दाणे बाहेर सांडायला लागले. एका बाजूनं चाचपलं, दुसऱ्या बाजूनं चाचपलं. साहेब घड्याळ बघत होते. मग त्याचा हात थांबला आणि त्यानं तसाच वाकून आप्पांकडं बघितलं.

"साहेब," मी पुढं झाले, "एक माणूस आला होता. आण्णाचा मित्र म्हणून आला, जेवला, डबा घेऊन गेला. आण्णानं काही नेलं नाही. आमची चूक हाय, साहेब!"

साहेब आप्पांकडं वळले. "खरं आहे का हे?"

आक्का म्हणाली, "अवो, सांगा की त्यास्नी."

आप्पांनी दाराकडं बघितलं. दारात सगळी गल्ली होती. ज्यांची भांडणं त्यांनी मिटवली ती माणसं होती, ज्यांना छड्या मारल्या ती पोरं बाप्ये होऊन उभी होती. फोनवर 'हाय' म्हणाले तेव्हा ऐकणारीही तीच. आप्पांना तुरुंगाचं भय नव्हतं, हे मी कुणाच्याही शपथेवर सांगेन. त्यांना लाज होती. घरभर बोलून, जेवू घालून, पोराचा गळा परक्याच्या हातात दिला, आणि वर त्याच पोराला खोटं सांगून बोलावून घेतलं, हे त्या दारासमोर तोंडानं म्हणण्याची लाज.

"कोण आलं न्हाय," आप्पा म्हणाले. "पोरगी भावासाठी बोलतीया."

"मास्तर खोटं बोलायचे न्हाईत, साहेब," वखारवाले म्हणाले. त्यांना बिचाऱ्यांना वाटलं, आपण मास्तरांची बाजू घेतोय.

मी किंचाळले असेन. आक्का भिंतीला टेकून खाली बसली. आण्णानं पिंपातनं हात बाहेर काढला, हाताला चिकटलेले दाणे एकेक करून पुन्हा पिंपात टाकले आणि उभा राहिला.

"आप्पा म्हणत्यात ते खरं हाय," तो म्हणाला. "मीच नेली. तिकडंच दिली. माझ्या बहिणीचं काय ऐकू नका."

साहेबांनी ते शब्दाला शब्द लिहून घेतलं. बेडी पुन्हा हातात गेली. पंचांनी सह्या केल्या. मग साहेब म्हणाले, घरमालकाचीही सही लागेल, आणि कागद आप्पांपुढं केला. आप्पांनी पेन घेतलं, कागद लांब धरला, जवळ धरला. त्यांना दिसेना. "चष्मा," ते म्हणाले, हळू आवाजात.

चष्मा कोनाड्यात होता, माझ्या हातापाशी. मी हलले नाही. आक्काही हलली नाही. आप्पा कागद धरून तसेच उभे राहिले. तेव्हा आण्णा पुढं आला, बेडी घातलेले दोन्ही हात त्यानं कोनाड्यापर्यंत उचलले, चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला आणि आप्पांच्या हातात दिला.

आप्पांनी चष्मा लावला आणि सही केली.